चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये मी

नवा गेम सुरू करायचा म्हटलं की माझी लढाई पहिल्या टर्नच्या आधीच सुरू होते. 'सिव्हिलायझेशन', म्हणजे टर्न घेत, पाळीपाळीने आपली संस्कृती वाढवायचा संगणकावरचा खेळ, विचारतो, नकाशा कुठला हवा? पँजिया, कॉन्टिनेंट्स, आर्किपेलॅगो, फ्रॅक्टल. मी त्या यादीवर माउस वरखाली फिरवत बसतो. राहतं घर पसंत करायला मला याच्या निम्माही वेळ लागला नव्हता, आणि तिथे तर सेव्ह-लोडची सोयही नव्हती.

पँजिया म्हणजे सगळी जमीन एका गोळ्यात आणि सगळे राजे एकाच आवारात. कॉन्टिनेंट्समध्येही तेच, फक्त आवारं दोन-तीन. दोन्हीकडे माझं मरण ठरलेलं असतं आणि ते शेजारून येतं. शेजाऱ्याचं नाव बहुतेक वेळा शाका. झुलूंचा हा राजा इ.स.पू. ४००० मध्ये माझ्यापासून आठ टाइलवर, म्हणजे नकाशावरच्या आठ चौकटींवर, बस्तान मांडतो. मी मातीची भांडी शिकतो, लेखनकला शिकतो. तो फक्त माणसं जमवतो. २००५ साली आलेल्या चौथ्या भागात एका टाइलवर हव्या तेवढ्या तुकड्या मावतात, त्यामुळे माझ्या सीमेवर एके दिवशी वीस-बावीस तुकड्यांची चळत येऊन उभी राहते. तेव्हा मी ग्रंथालय बांधत असतो. 'अजून ३ टर्न' असं तिथे लिहिलेलं असतं. माझ्या कित्येक संस्कृती या 'अजून ३ टर्न'वरच संपल्या आहेत.

तेव्हा भीक नको पण कुत्रा आवर, असं म्हणत मी आर्किपेलॅगोकडे, म्हणजे बेटांच्या नकाशाकडे वळलो. आपण बरं, आपलं बेट बरं. समुद्रासारखी तटबंदी नाही आणि ती बांधायला एकही टर्न लागत नाही.

खरं तर समुद्राचा माझा अनुभव फार जुना आणि फार वाईट होता, तो मी विसरलो होतो. १९९१ च्या पहिल्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये ट्रायरीम नावाचं वल्ह्यांचं जहाज मिळे. त्याने टर्नच्या शेवटी किनाऱ्याला चिकटून उभं राहायचं, नाहीतर बुडायची भीती. एकदा मी त्यात सेटलर बसवला, म्हणजे एक आख्खं होऊ घातलेलं शहर बसवलं, आणि नकाशाच्या न पाहिलेल्या भागावर असतो त्या काळ्या पडद्याआड जमीन असणारच अशा खात्रीने निघालो. एक टाइल पुढे गेलो, पाणी. आणखी एक, पाणी. चाल संपली. टर्न संपवायच्या बटणावर बोट ठेवून मी बराच वेळ बसून राहिलो, जणू मी दाबलं नाही तर समुद्र थांबून राहील. दाबलं. जहाज बुडालं. पुढच्या जहाजाने कळलं की जमीन होती, अजून एक टाइल पुढे.

चौथ्या भागात हा जुगार नाही. तिथे गॅलीला, म्हणजे सुरुवातीच्या वल्ह्यांच्या जहाजाला, किनारा सोडून खोल पाण्यात शिरताच येत नाही. बुडण्यापेक्षा हे बरं, असं वाटतं. पण समोर दुसरं बेट दिसत असतं, मधे खोल पाण्याची एकच पट्टी असते आणि आपण शतकानुशतकं या तीरावर हात चोळत उभे असतो.

आर्किपेलॅगोतला पहिला काळ मात्र सुखाचा. मी पाच शहरं वसवली. दीपस्तंभ बांधले, त्यावर 'ग्रेट लाइटहाउस' हे आश्चर्य उभारलं, म्हणजे किनाऱ्यावरच्या प्रत्येक शहराला व्यापाराचे दोन मार्ग जास्तीचे. व्यापार कुणाशी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मीच माझ्याशी व्यापार करत होतो आणि नफ्यात होतो.

लोखंडाचं तर वेगळंच दुःख. ते कुठे आहे हे लोखंडाची विद्या शिकल्याशिवाय नकाशावर दिसतच नाही. शिकलो. माझ्या बेटावर लोखंड नव्हतं. होतं ते बाजूच्या एका टाइलच्या बेटावर, खोल पाण्यापलीकडे. आणि तिथे आधीच कुणाचं तरी शहर होतं. माझ्या वाट्याला तांबं आलं. चालेल, तांबं तर तांबं.

बेटावर माणूस शांतपणे मागे पडतो, हे खंडावर खेळणाऱ्यांना सांगून पटत नाही. खंडावरचे राजे एकमेकांच्या उरावर बसतात खरे, पण बसल्या बसल्या विद्यांची देवघेवही करतात. मी एक देतो, तू एक दे. शिवाय आपल्या ओळखीच्यांना एखादी विद्या येत असेल तर ती आपल्याला स्वस्तात पडते. माझी ओळखच कुणाशी नव्हती. मी सगळं स्वतःच्या अकलेने आणि पूर्ण भावात शिकत होतो. मग एके दिवशी क्षितिजावर एक परकं कॅराव्हल जहाज आलं. मी कौतुकाने त्यांच्या विद्यांची यादी उघडली. त्यांच्याकडे बंदुकीची दारू होती. मी त्याच टर्नला कॅटापल्ट, म्हणजे दगड फेकायचं यंत्र, शोधल्याचा आनंद साजरा करत होतो.

अशा वेळी शहाणा माणूस तह करतो. मी स्वारी करायचं ठरवलं. बंदूकवाल्यांवर नव्हे, तेवढी अक्कल होती. माझ्याइतकाच मागे राहिलेला एक राजा शोधून काढला, तोही बेटावरच कुजत पडलेला. आता जावं कसं? खगोलशास्त्र शिकल्यावर गॅलिअन नावाचं जहाज मिळतं आणि ते खोल पाण्यात चालतं. पण एका गॅलिअनमध्ये तुकड्या मावतात तीन. जमिनीवर बारा तुकड्या न्यायच्या तर एक क्लिक. समुद्रावरून न्यायच्या तर चार जहाजं, जहाजं बांधायला वीस टर्न, आणि तुकड्या पाच शहरांत विखुरलेल्या. बंदर एक, वाटा पाच, रस्ते अर्धवट. लग्नाच्या वऱ्हाडाला एकाच वेळी गाडीत बसवायचं असतं, तसा प्रकार. गदावाले येतात तर भालेवाले मागे. भालेवाले पोचतात तोवर एक जहाज दुरुस्तीला.

चौदा वर्षांचा भाचा शेजारी बसून हे बघत होता.

"मामा, तू जहाज कशाला बांधतोस? आमच्यात सैनिक पाण्यात शिरले की होडी आपोआप येते."

तो पाचव्या भागावर वाढलेला, २०१० नंतरच्या पिढीतला. त्यांच्याकडे ऑप्टिक्स ही विद्या शिकलं की घोडेस्वारसुद्धा लाटांत घोडा घालतो आणि त्याची होडी होते. होडी कुठून आली, कुणी बांधली, घोडा कुठे गेला, विचारायचं नाही. त्यालाही मग कळलं की त्यांच्या खेळात एका टाइलवर एकच लढाऊ तुकडी उभी राहते. सैन्य समुद्रात उतरलं की त्याची मुंग्यांसारखी रांग होते आणि रानटी टोळ्यांचं एखादं जहाज शांतपणे एकेक होडी टिपत जातं. हे त्याने मला सांगितलं नाही. मी त्याच्या चेहऱ्यावरून वाचलं.

समुद्राचा हा आकस एकाच खेळात आहे असं नाही. १९९९ च्या 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३'मध्ये हजार सोन्याची नाणी आणि दहा ओंडके देऊन होडी घ्यायची, आणि काल ड्रॅगन लोळवून आलेल्या नायकाने तिच्यात पाय ठेवला की त्याची त्या दिवसाची चाल खलास. उतरलं तरी तेच. भोवऱ्यात शिरलात तर सैन्याचा काही भाग भोवराच ठेवून घेतो. बहुधा टोल म्हणून.

तर माझी स्वारी. तीन जहाजं भरली. चौथ्यात कॅटापल्ट चढवायचे होते, ते एक टर्न उशिरा पोचणार होते. तेवढ्यात भाच्याने घोड्यांबद्दल काहीतरी विचारलं, मी त्याला उत्तर दिलं, आणि आरमार निघालं. सात टर्न नुसतं पाणी. प्रत्येक टर्नला मी नकाशा सरकवून जहाजं मोजत होतो, तीन, तीन, तीन, आणि एकदाही मनात आलं नाही की आपण चार बांधली होती.

किनाऱ्यावर उतरलो. उतरण्यातच त्या टर्नची चाल संपते, तेव्हा रात्र शत्रूच्या दारात. समोर टेकडीवरचं शहर, भोवती तट, आत लांब पल्ल्याचे धनुर्धारी. हल्ल्यासाठी गदावाल्यांवर बोट ठेवलं की जिंकण्याची शक्यता किती, ते खेळ आधीच दाखवतो. त्याने दाखवली: १.३ टक्के.

"मामा, आधी तट पाडायचा ना. तुझे कॅटापल्ट कुठायत?"

"येतायत," मी म्हटलं.

नऊही तुकड्या मी पाठवल्या. एकामागून एक, क्रमाने, १.३ टक्क्यांवर विश्वास ठेवून. पहिल्या भागात भालेवाल्यांनी युद्धनौका बुडवल्याचं मी स्वतः पाहिलं होतं, तेव्हा अशक्य काही नसतं असा माझा समज आहे. असतं.

त्यानंतर मी सगळ्यांशी तह केले, दाराला कडी लावली आणि उरलेली शतकं समुद्राकडे पाठ करून काढली. विमानं आली, पाणबुड्या आल्या, माझ्या किनाऱ्यावरून पुढे गेल्या. खेळ संपत आला तेव्हा, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून, मी माझी बंदरं एकेक उघडून बघत होतो. उत्तरेच्या बंदरात एक गॅलिअन उभं होतं. आत तीन कॅटापल्ट, पूर्ण ताकदीचे, अंगावर ओरखडा नाही. बाजूला 'झोपा'चा हुकूम. वर साल होतं १९४८.

भाचा कधीच झोपायला गेला होता. मी त्यांच्यावर क्लिक केलं, उठवायचं बटण समोर आलं, आणि मग काही केल्या ते दाबवेना.