तळ्यात हिरवं दिसलं की उपटा?

गणपती आटोपले की ठाण्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो माझ्याकडे चौघांनी पाठवला. म्हणणं असं: 'सांडपाणी बंद केलं की एका पावसाळ्यात तलाव आपोआप स्वच्छ होतो. तरीही पाण्यात हिरवं दिसलं तर समजा कामात गोलमाल आहे. सगळ्या वनस्पती उपटा, कारंजी लावा, मासे सोडा.' सांडपाणी बंद करा हे शंभर टक्के मान्य. पुढचं जवळजवळ सगळं चुकीचं.

एका पावसाळ्याचं आधी बघू. आपल्याकडे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा धुऊन निघेल असं वाटणं साहजिक आहे. पण तलावपाळी किंवा कचराळी म्हणजे वाहती नदी नव्हे. वर्षानुवर्षं आलेलं साबणाचं पाणी, मैला, निर्माल्य यांतला फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं खतच, तळाच्या गाळात बसलेला असतो. तो तिथे लोहाला धरून राहतो. तळाचा ऑक्सिजन संपला की लोहाची पकड सुटते आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. नवी उधारी थांबवली म्हणून जुनी फिटत नाही, तसंच हे. स्वीडनमधल्या ट्रुमेन तलावाचं सांडपाणी 1950च्या दशकाच्या अखेरीस वळवलं, तरी दहा वर्षं पाणी हिरवंच राहिलं. 1970-71मध्ये तळाचा सुमारे मीटरभर गाळ उपसला, तेव्हा कुठे फरक पडला. 2005मध्ये 35 तलावांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही गाळातला हा साठा निवळायला बहुतेक ठिकाणी 10 ते 15 वर्षं लागलेली दिसतात. तेही मुख्यतः थंड देशांतले तलाव. आपला गाळ बारा महिने कोमट, म्हणजे तिथला ऑक्सिजन आणखी लवकर संपणार.

आता 'हिरवं'. मेसेज लिहिणाऱ्याने तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत. पाणीच पालकाच्या सुपासारखं दिसतं ते सूक्ष्म शेवाळ. वर तरंगते ती जलपर्णी. ती काढाच, खाली ऊन पोचू देत नाही. तिसरी तळात मुळं धरून पाण्याखाली वाढणारी, हायड्रिला आणि व्हॅलिसनेरियासारखी. हायड्रिलाची एक काडी बाहेर काढून बघा: देठाभोवती पानांची चक्रं, पानांना चिकटलेल्या बारीक गोगलगायी, त्यांच्या अंड्यांचे पारदर्शक ठिपके. अशा झुडपांत पाणपिसवा, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाण्यातले जीव, दिवसभर माशांपासून लपतात आणि शेवाळ खातात. मुळांमुळे गाळ ढवळला जात नाही.

म्हणजे ही झाडं दिसू लागणं हे तलाव सुधारत असल्याचं लक्षण आहे. ती परततात तीही क्रमाने. नेदरलँड्समधल्या वेलूवे तलावात 1979मध्ये फॉस्फरस कमी केला. आधी गढूळ पाण्यातही तगणारी चिवट जात टिकून राहिली, आणि 1990च्या दशकात कुठे कारा (तळाशी झुडपासारखी वाढणारी एक पाणवनस्पती) पसरली आणि पाणी नितळ झालं. (कारा चुरगळली की लसणीसारखा उग्र वास येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी डब्यातली चटणी सांडली की काय ते बघितलं होतं.) अशा पाण्याखालच्या वनस्पतींचं बियाणं बऱ्याचदा त्याच गाळात निपचित पडलेलं असतं, म्हणून गाळ काढतानाही सगळा तळ खरवडून काढू नये. भंडारा-गोंदियाकडचे ढीवर मच्छीमार तर तळ्यातली बेशरमाची झुडपं उपटून मुद्दाम हायड्रिला लावतात, कारण त्यांच्या माशांचं पोट हायड्रिलावर आहे.

कारंजी दिसायला छान. पाण्यात थोडा ऑक्सिजन मिसळतो, तलावातला फॉस्फरस मात्र कमी होत नाही.

मासे कोणते, हे मेसेजमध्ये नाही. सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरतो, गवत्या (ग्रास कार्प) नवी कोवळी रोपं फस्त करतो. आणि काठावर बसून पाव टाकणाऱ्यांनो, तोही शेवटी खतच होतो.

आमच्या घराजवळच्या तळ्यात गेल्या हिवाळ्यात कडेकडेने हायड्रिला उगवला होता. कुणीतरी ग्रुपवर फोटो टाकला, 'बघा, घाण.' दोन दिवसांत तो उपटून काठावर ढीग लागला, त्यात गोगलगायी सुकत होत्या. पुढे जे झालं ते केवळ त्यामुळेच, असं मी शपथेवर सांगणार नाही. उन्हाळाही जवळ आला होता. पण संक्रांतीला पाण्याखालची तिसरी पायरी स्पष्ट दिसत होती, आणि होळीला पहिलीही दिसेना.