फाउस्टिनाचा अंबाडा आणि सरांचे आक्षेप

सर, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली आणि खरं सांगतो, डोकं तापलं. सोमवारी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये परत वाचली तेव्हा राग निम्म्यावर आला, कारण निम्मं तुमचं बरोबरच आहे. उरलेल्या निम्म्यावर मात्र भांडणार आहे. लांबलंय, चहा घेऊन बसा.

ज्यांनी वर जाऊन वाचलं नसेल त्यांच्यासाठी, सरांचं म्हणणं थोडक्यात असं: मी मागच्या पोस्टमध्ये रोमन सम्राज्ञींच्या नाण्यांचं, त्यातही धाकट्या फाउस्टिनाच्या (सम्राट मार्कस ऑरेलियसची बायको, इसवी सनाचं दुसरं शतक), वेड्यासारखं कौतुक केलं. पण ही नाणी म्हणजे नवऱ्याने केलेली बायकोची जाहिरात. बाई कशी होती ते जगजाहीर आहे आणि नाण्यावर लिहिलंय ‘शील’. त्यात मी ‘फाउस्टिनाने नाणी पाडली’ असं लिहिलं, ते साफ चूक. शिवाय असली नाणी म्हणजे जमिनीतून उपसलेला चोरीचा माल. आणि शेवटी, सातवाहनांच्या मुलखात जन्माला येऊन रोमच्या बायकांचे अंबाडे कसले मोजताय. (हे शेवटचं वाक्य बायकोने मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा.)

चुकीचं आधी. ‘फाउस्टिनाने नाणी पाडली’ हे चूकच आहे सर. टाकसाळ सम्राटाची, चांदी त्याची, हुकूम त्याचा. तिच्या नावाने आणि तिच्या चेहऱ्याने नाणी निघाली, एवढंच म्हणायला हवं होतं. लिहिण्याच्या भरात गेलं. मूळ पोस्टमध्ये दुरुस्त केलंय.

आता जाहिरात. जाहिरात आहेच, त्यात वादच नाही. पण कोणाची? तुम्ही म्हणता नवऱ्याने केलेली, आणि इथेच मी पाय रोवून उभा राहणार, कारण तिची सुरुवातीची नाणी नवऱ्याची नाहीतच, बापाची आहेत. तारखा बघा. 138 साली सम्राट हेड्रियनच्या अटीवरून अँटोनिनस पायसने, म्हणजे फाउस्टिनाच्या बापाने, मार्कसला दत्तक घेतलं, 145 मध्ये मार्कस आणि फाउस्टिनाचं लग्न झालं, 147 च्या नोव्हेंबरअखेर पहिली मुलगी झाली आणि लगेच फाउस्टिनाला ‘ऑगुस्टा’ ही सम्राज्ञीची पदवी मिळाली. त्या वेळी मार्कस कोण होता? नुसता ‘सीझर’, म्हणजे आपल्या भाषेत युवराज. तो ‘ऑगुस्टस’, म्हणजे सम्राट, झाला 161 मध्ये, सासरा गेल्यावर. म्हणजे तेरा वर्षांहून जास्त काळ त्या घरात बायकोची पदवी नवऱ्याच्या वरची होती! आणि त्या काळातल्या तिच्या नाण्यांवर काय कोरलंय? ‘ऑगुस्टस पायसची मुलगी, फाउस्टिना ऑगुस्टा’. मार्कसचा म सुद्धा नाही. 161 नंतर बापाचं नाव गळतं आणि नुसतं ‘फाउस्टिना ऑगुस्टा’ राहतं. ती गेल्यावर ‘दिवा फाउस्टिना पिया’, म्हणजे देवत्वाला गेलेली. तीन वाक्यांत अख्खं आयुष्य, आणि तेही आईबापांच्या-सासरच्या गरजेप्रमाणे बदलत गेलेलं. ही जाहिरात कोण कोणासाठी करतंय ते नाण्याच्या कडेच्या अक्षरांवरून वाचता येतं, म्हणून तर मी ती जमवतो.

आता ‘जगजाहीर’ चारित्र्याबद्दल. ग्लॅडिएटरवर तिचं मन जडलं, तिचा मुलगा कमोडस त्याचाच, हे सगळं जिथून येतं तो ‘हिस्टोरिया ऑगुस्टा’ नावाचा ग्रंथ तिच्यानंतर दोनेकशे वर्षांनी लिहिलेला आहे आणि त्यात खोटी पत्रं, खोटे दस्तऐवज, न झालेल्या माणसांची नावं इतकी आहेत की अभ्यासक त्यातलं प्रत्येक वाक्य चिमट्यात धरून वाचतात. तुम्ही बखर शिकवताना मुलांना काय सांगत असाल सर? तेच इथे लावा की. मार्कसने स्वतःपुरती जी टिपणं लिहिली त्यात तो अशी प्रेमळ, साधी बायको मिळाली म्हणून देवांचे आभार मानतो. आता नवरा म्हणतो म्हणून खरंच मानायचं असंही नाही, पण निदान तो त्या घरात राहत होता.

त्याच बेभरवशाच्या ग्रंथात एक किस्सा मात्र झकास आहे. लोक मार्कसला म्हणतात, अहो सोडून द्या हिला. तो म्हणतो, बायकोला सोडलं तर हुंडाही परत द्यावा लागेल. हुंडा म्हणजे साम्राज्य! किस्सा रचलेलाही असेल, पण रचणाऱ्याला हे पक्कं कळलं होतं की गादी कोणाच्या बाजूने आली. तुमच्या ‘नवऱ्याची जाहिरात’ या म्हणण्याला यापेक्षा चांगलं उत्तर मला तरी देता येणार नाही. आणि तिच्यावर संशयच घ्यायचा तर 175 च्या बंडाचा घ्या, सिरियाच्या सुभेदाराने, अव्हिडियस कॅसियसने, बंड केलं त्यामागे तिची फूस होती असं रोमन इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. ते राजकारण आहे, आणि ग्लॅडिएटरच्या गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त इंटरेस्टिंग.

‘शील’ लिहिलेलं नाणं, म्हणजे ‘पुदिकितिया’, आहे खरं. पण तो सरकारी छाप आहे सर, टाकसाळीत अशा देवींची यादीच असायची, शील, आनंद, एकोपा, सुपीकता, व्हीनस, जूनो. दुसऱ्या सम्राज्ञींच्या नाण्यांवरही हीच मंडळी उभी आहेत. ते वाचून बाईचं सर्टिफिकेट मिळत नाही आणि ते खोटं पाडून बाई वाईटही ठरत नाही.

आता अंबाडा. तुम्ही चेष्टा केलीत, पण ते चेष्टेचं काम नाही. सम्राटाच्या नाण्यावर बहुतेक वेळा त्या वर्षीच्या पदांचे आकडे असतात, त्यावरून वर्ष काढता येतं. सम्राज्ञीला असली पदं नाहीत, म्हणजे आकडे नाहीत, म्हणजे तारीख नाही. मग काय उरलं? नाव कसं लिहिलंय ते, मागचं चित्र, एकाच ठशातून कुठली कुठली नाणी निघाली त्याचा माग, आणि केस. सुरुवातीच्या नाण्यांवर तरुण चेहरा, केसांच्या लाटा, कधी त्यात मोत्यांचा सर. पुढे साधा भांग आणि मानेलगत अंबाडा. क्लाउस फिट्शेन नावाच्या जर्मन अभ्यासकाने 1982 मध्ये तिच्या मूर्ती आणि नाणी शेजारी ठेवून नऊ वेगवेगळ्या केशरचना मांडल्या आणि त्यांचा संबंध बाळंतपणांशी लावला. बाळंतपणाचा भाग सगळ्यांना पटलेला नाही, आणि मी मागच्या वेळी ‘प्रत्येक बाळामागे नवी हेअरस्टाइल’ असं ठोकून दिलं होतं ते जास्तच झालं, तेही कबूल. पण केसांवरून काळ ओळखणं ही रोजची रीत आहे. तिच्या आईचं, थोरल्या फाउस्टिनाचं नाणं तर लांबूनच कळतं, वेण्या गुंडाळून डोक्यावर चुंबळ ठेवल्यासारखी, वर हंडा ठेवायचाच बाकी. नंतरची सम्राज्ञी युलिया डॉम्ना, तिचे केस म्हणजे हेल्मेट. आणि 215 मध्ये तिच्या मुलाने, सम्राट काराकाल्लाने, जे नवं मोठं नाणं काढलं त्यावर सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट आणि सम्राज्ञीच्या खांद्यांमागे चंद्रकोर, तो सूर्य ही चंद्र. चंद्रकोर दिसली की नाव वाचायच्या आधीच कळतं, हे बाईचं नाणं.

माझ्याकडचं एक सांगतो, आत्ता टेबलावर दिव्याखाली ठेवूनच लिहितोय. चांदीचा दिनारियस, 18 मिलिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या चार आण्याएवढा असेल नसेल, वजन 3.1 ग्रॅम. छाप्याच्या बाजूला फाउस्टिना, उजवीकडे बघतेय, मानेवर अंबाडा, नाकाचा शेंडा झिजलेला. काट्याच्या बाजूला एक रिकामं सिंहासन आणि त्यावर दोन बाळं. भोवती ‘सेक्युली फेलिकित’, म्हणजे युगाचं सौख्य. ही बाळं म्हणजे 31 ऑगस्ट 161 ला झालेले जुळे, कमोडस आणि त्याचा भाऊ. बाळांची डोकी इतकी झिजलीयत की दोन ज्वारीचे दाणे ठेवल्यासारखी दिसतात, आणि त्यातला कुठला दाणा कमोडस ते आता कोणालाच सांगता येणार नाही. दुसरा चार वर्षांचा होऊन गेला.

याच सुमाराचं दुसरं एक नाणं आहे, माझ्याकडे नाही, खिशाला झेपत नाही, मोठं पितळी सेस्टर्टियस. त्यावर एक बाई उभी, दोन बाळं कडेवर आणि चार मुलं पायाशी. सहा. अभ्यासक मोजतात तर बरोबर त्या वेळी हयात असलेली मुलं सहाच, चार मुली आणि हे जुळे. तिला एकूण किमान बारा मुलं झाली सर. म्हणजे जी गेली ती चित्रातून गाळत गेले, टाकसाळीचा कारकून दर वेळी नव्याने पट मांडायचा. मुलग्यांपैकी मोठा होऊन जगला तो एकटा कमोडस. तुम्ही म्हणता त्याप्रमाणे ही जाहिरात आहेच, पण ‘युगाचं सौख्य’ असं लिहिलेल्या त्या चांदीच्या टिकलीमागे त्या घरात किती तिरड्या उठल्या होत्या हे कळल्यावर मला ती नुसती जाहिरात म्हणून बाजूला ठेवता येत नाही, आणि हे सांगायला मागच्या पोस्टमध्ये मी कमी पडलो असेन.

संख्येबद्दल पण एक. तुम्ही लिहिलंत की ‘शोभेची नाणी, चार-दोन पाडली असतील’. 1929 मध्ये बल्गेरियात रेका देव्निया इथे एक साठा सापडला, सुमारे एक लाख चांदीची नाणी, त्यातल्या 81 हजारांवर नाण्यांची नीट नोंद झाली. त्यात दोन्ही फाउस्टिनांची नाणी हजारांनी आहेत. हा बाजारहाटाचा पैसा होता, शिपायाच्या पगाराचा. आज धाकट्या फाउस्टिनाचा बरा दिनारियस मध्यमवर्गीय माणूस विकत घेऊ शकतो तो एवढ्याचसाठी, मी कोणी सरदार नाही.

आता चोरीचा माल. इथे मी तुमच्यासमोर खाली मान घालून उभा आहे. इकडे इंग्लंडमध्ये 1996 चा ट्रेझर अ‍ॅक्ट आहे, तीनशे वर्षांवरची दोन किंवा जास्त सोन्याचांदीची नाणी एकत्र सापडली तर कळवावंच लागतं, आणि सुटं नाणं सापडलं तर मेटल डिटेक्टरवाले ते पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये स्वखुशीने नोंदवतात, जागेसकट. अशी नोंद असलेली किंवा जुन्या संग्रहातून आलेली नाणीच मी हल्ली घेतो. हे जुळ्यांचं नाणं एका हॉटेलच्या हॉलमधल्या कॉइन फेअरला मिळालं, सोबत शाईने लिहिलेली पिवळी पडलेली चिठ्ठी होती, नाण्यापेक्षा ती चिठ्ठी मी जास्त जपतो. पण सुरुवातीची पाच-सहा नाणी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून काही न विचारता घेतली, त्यातलं एक युलिया डॉम्ना तर ओतीव नकली निघालं, कडेला साच्याची शिवण स्पष्ट दिसते, आणि बाकीची कुठल्या शेतातून रात्री उपसून आली देव जाणे. ती मी विकत नाही, कारण विकली तर तो प्रश्न दुसऱ्याच्या गळ्यात जातो. डब्यात पडून आहेत. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

राहिले सातवाहन. सर, मला त्यांचं कमी प्रेम आहे असं का वाटलं तुम्हाला? गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र, राजे आईचं नाव लावतात, नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, नाणेघाटात नागनिकेचा. नाव सगळीकडे आईचं, आणि चांदीच्या नाण्यावर चेहरा मात्र राजाचा! रोममध्ये उलटं, चेहरा बाईचा. चंद्रगुप्त-कुमारदेवीचं सोन्याचं नाणं आहे, त्यावर राजाराणी दोघंही आहेत नावासकट, पण ते गुप्तांचं, आणि कितीतरी नंतरचं. हा फरक का, हे मला समजून घ्यायचंय, आणि दोन्हीकडचं बघितल्याशिवाय ते कसं कळणार? तसे हे दोन मुलूख काही एकमेकांना अनोळखी नव्हते. फाउस्टिनाची नाणी निघत होती साधारण त्याच वर्षांत अलेक्झांड्रियात बसून भूगोलकार टॉलेमी पैठणचं नाव लिहीत होता. दक्षिण भारतात रोमन सम्राट टायबेरियसची जी चांदीची नाणी ढिगाने सापडली त्यांच्या मागे एक बाई बसलेली असते, ती त्याची आई लिव्हिया असं पुष्कळजण मानतात, नाव मात्र कोरलेलं नाही. म्हणजे रोमची सम्राज्ञी आपल्याकडे फाउस्टिनाच्या शंभर वर्षं आधीच येऊन गेली असेल, बिननावाची.

आणि जाता जाता, मला माल कुठून आला विचारता ते ठीक, पण तुमच्याच प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की लहानपणी कराडला नदीकाठी सापडलेलं हत्तीचं एक नाणं अजून तुमच्या कपाटात आहे. 1878 चा निखात निधीचा कायदा काय म्हणतो, दहा रुपयांवर किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवा! घाबरू नका, मी कळवत नाही. पण हत्तीच्या मागच्या बाजूला काय आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. चार गोल एका फुलीने जोडलेले, ते उज्जैन चिन्ह आहे का बघा जरा. उजेडात, तिरपं धरून. आणि ब्रशने घासू नका प्लीज. फोटो काढता आला तर वजनासकट पाठवा, सराफाच्या काट्यावर होईल.