पणजोबांच्या चित्राबद्दल जरा ऐका

पंचवटीतल्या आमच्या वाड्यातलं चित्र सध्या नाशिकच्या ग्रुपांवर फिरतंय, खाली लिहिलंय की राजा रविवर्मानं काढलेलं, व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळालेले कर्नल. मंडळी, ते आमचे पणजोबा आणि यातलं काहीच खरं नाही. रविवर्मा वारले १९०६ ला, आणि चित्रात छातीवर जे ब्राँझचं पदक आहे तो १९१४-१५ चा स्टार, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचं पदक, लाल-पांढरी-निळी फीत, हे पदक सुरूच झालं १९१८ ला, मग रविवर्मा काढणार कुठून? व्हिक्टोरिया क्रॉसची फीत एकाच गडद लाल रंगाची असते आणि पदक क्रॉसच्या आकाराचं, इथं टोकदार चांदणी सरळ दिसतेय, झूम करून बघा की राव. खांद्यावर दोन तारे म्हणजे सुभेदार, कर्नलच्या ताऱ्यांवर मुकुट असायचा. चित्र फोटोवरून काढून घेतलंय असं आत्या सांगायची, म्हणून तर डावा हात विचित्र, फोटोत तो कापला गेला होता आणि पेंटरनं बिचाऱ्यानं अंदाजानं ओढलाय. ज्याला रविवर्माची सही म्हणताय तो ओल आल्याचा डाग आहे. आणि विकायला काढलंय हेही खोटं, फोन करू नका प्लीज.