शूर्पणखेच्या गावात नखं जमवताना

शूर्पणखेचं नाक पंचवटीत कापलं गेलं म्हणून गावाचं नाव नाशिक, ही गोष्ट आपण रामकुंडावर उभं राहून प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. पण तिच्या नावात नाक नाहीच. नखं आहेत, सुपाएवढी. ती मात्र कुणी जपून ठेवली नाहीत. ही जुनी चूक सुधारायची संधी आता तुमच्याकडे आली आहे. वाघनखाचं लॉकेट घालून मिरवणं १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे अंगाशी येतं. तेव्हा डायनासोरचं नख घ्या, तेही शिकारी डायनासोरचं. पाला खाणाऱ्याचं नख कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये शोभत नाही.

नख शोधायला इथल्या डोंगरांत मात्र जाऊ नका. पांडवलेण्यापासून अंजनेरीपर्यंत सगळा थिजलेला लाव्हा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोकळ्यांत मिळतात ते स्टिल्बाइट, अपोफिलाइट वगैरे स्फटिक. नाशिकचे हे स्फटिक जगभरच्या संग्रहांत मानाने मांडलेले असतात आणि सिन्नरला त्यांचं गारगोटी संग्रहालयही आहे. तिकडे तुमचं काय काम? पिकतं तिथे विकत नाही. गुजरातेत रहिओलीला सापडलेला राजासॉरस तर अस्सल मांसाहारी. २००३मध्ये त्याचं बारसं झालं. पण शेजाऱ्याचं कौतुक करायची आपल्याकडे पद्धत नाही.

नख घ्यावं मोरोक्कोचं. तिथल्या केम केमच्या खडकांतून दात आणि नखं पोत्याने निघतात. विकणारा म्हणेल, ‘स्पायनोसॉरस.’ तुम्ही मान डोलवा. एका सुट्या नखावरून जनावर ओळखणं तज्ज्ञांना जड जातं, विकणाऱ्याला कधीच जात नाही. बूड एकाचं, टोक दुसऱ्याचं आणि मध्ये वाळू-डिंकाचं लिंपण, असंही नख मिळतं. त्यात एका किमतीत दोन डायनासोर पडतात. जाणकार म्हणतात, जिभेला लावून बघा, जुनं हाड सच्छिद्र असतं, ते चिकटतं. सासऱ्यांसमोर हे करू नका. नोटा तपासायची जांभळी बत्ती नखावर मारली तर चिकटवलेला भाग बहुतेक वेळा वेगळा चमकतो. म्हणून सराफ बाजारातला मित्र घरी आला की आधी त्याचे खिसे तपासा.

घरच्यांचीही तयारी हवी. आमची आत्या म्हणाली, ‘‘घरात नखं ठेवू नयेत रे, भांडणं होतात.’’ मी पुस्तकी खुलासा केला, ‘‘आत्या, हे नख नाहीच. वरचं नख केव्हाच कुजून गेलं, हे त्याच्या आतलं हाड आहे.’’ आत्या पदर खोचून उठली. ‘‘हाड आहे? मग रामकुंडावर नेऊन सोड आधी.’’ तेव्हा शास्त्रीय माहिती बेताने द्या.

विल्यम वॉकरसारखा वेडेपणा तर मुळीच करू नका. हा पेशाने प्लंबर. १९८३मध्ये इंग्लंडात सरे परगण्यातल्या मातीच्या खाणीत त्याला जवळजवळ फूटभर लांबीचं नख सापडलं. शोकेसमध्ये ठेवायचं सोडून त्याने ते संग्रहालयाकडे पोचतं केलं. तिथल्या लोकांनी खाण गाठली आणि बराचसा सांगाडा खणून काढला. पोटाच्या जागी माशांचे खवले निघाले! म्हणजे एवढं भयंकर नख, आणि जनावर मासे मारणारं. १९८६मध्ये त्याचं नाव बॅरिओनिक्स वॉकेराय ठेवलं. नाव झालं वॉकरचं, पण पाहुण्यांना दाखवायला घरात काय उरलं?

त्यापेक्षा गोबी वाळवंटातल्या चोरांकडून शिका. १९६५मध्ये मंगोलियात नुसते दोन हात सापडले होते, प्रत्येकी जवळजवळ आठ फूट, टोकाला दणदणीत नखं. जनावराला नाव दिलं डायनोकायरस, म्हणजे भयंकर हात. पुढची जवळपास पन्नास वर्षं त्या हातांमागे कोण आहे, हे कुणालाच धड कळेना. पुढे आणखी सांगाडे मिळाले, पण त्यातल्या एकाला चोर आधीच भेटून गेले होते. डोकं आणि पंजे गायब, कारण बाजारात भाव त्यांनाच. ते युरोपात एका खासगी संग्रहात निघाले आणि २०१४मध्ये मंगोलियाला परत आले. तेव्हा कुठे चेहरा दिसला. पाठीवर मदार, बदकासारखी चोच, तोंडात एक दात नाही. पालाही खाणार, मासेही खाणार! ते डोकं आणखी थोडे दिवस कुणाच्या दिवाणखान्यात राहिलं असतं, तर पन्नास वर्षांचा दरारा शाबूत राहिला असता.

म्हणून विकत घेताना नख कुठल्या थरातून आलं, शेजारी कोणती हाडं होती, असले प्रश्न विचारू नका. विचारलंत तर विकणारा ‘वाळवंटातून’ एवढंच सांगेल, आणि उरलेला सांगाडा कुठे गेला याचा विचार करत तुमची रात्र जाईल.

शोकेस मात्र भक्कम करून घ्या. आमच्याकडे फडकं मारताना नख खाली पडलं आणि टोक तुटलं. बाई बिचारी रडकुंडीला आली. आत पांढरंफेक प्लॅस्टर दिसत होतं. मी तिला म्हटलं, ‘‘रडू नका मावशी, हे टोक मोरोक्कोतच तुटलं होतं. तुम्ही फक्त उघडकीला आणलंत.’’ मग मुलाला फेविक्विक आणायला पाठवलं.