चॅनल काढताय? आधी हारवाल्याला भेटा

आपल्या गावाला स्वतःचं टीव्ही चॅनल हवं असं तुम्हाला अचानक वाटू लागलं असेल, तर एक तर यंदा केळीला भाव मिळालाय, नाहीतर नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आलीय. दोन्ही ताप आपोआप उतरतात. पण तेवढा धीर तुम्हाला निघणार नाही. मलाही निघाला नव्हता. तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी, पिठाच्या गिरणीच्या माडीवर मी अकरा वर्षं गावाचं केबल चॅनल चालवलं. ते बंद पडलं तेव्हा मिक्सरच्या प्रत्येक बटणाखाली कळण्याचं पीठ निघालं. एवढ्या भांडवलावर सल्ला द्यायला हरकत नसावी.

सुरुवात कागदपत्रांपासून करा, म्हणजे उत्साहाचं काय करायचं हा प्रश्न मिटेल. १९९५ च्या केबल कायद्याखाली केबलचालकाची नोंदणी कुठे व्हायची? हेड पोस्टात. ५०० रुपये भरायचे आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. एका खिडकीवर आजीबाई आरडीचं पासबुक घेऊन उभ्या, दुसरीवर राख्यांची पाकिटं आणि मधे तुम्ही, लोकशाहीचा चौथा स्तंभ, पोस्टमास्तरांच्या जेवणाची सुट्टी संपायची वाट पाहत. २०२५ च्या जानेवारीपासून ही नोंदणी पोर्टलवर गेली. तेवढीही करमणूक राहिली नाही.

चॅनलला सरकार चॅनल म्हणत नाही, हेही लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याचं नाव ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’. ही पाटी पडद्यावर दाखवायची, खऱ्या चॅनलशी कुणी गल्लत करू नये म्हणून. (आमच्याकडे बऱ्याच जणांना ती रेल्वेची जाहिरात वाटायची. भुसावळ जवळ, त्याला कोण काय करणार!) नोंदणी फी चॅनलमागे फक्त १००० रुपये. मात्र स्थानिक बातम्या दाखवायच्या तर केबलचालक कंपनी म्हणून नोंदलेला हवा. गटार तुंबल्याचं एकट्यादुकट्याने सांगून भागत नाही, कंपनीने सांगावं लागतं. काढा कंपनी. संचालक दोन, तुम्ही आणि घरच्या मंडळी. वार्षिक सभेत ‘हे बंद कधी करणार?’ एवढा एकच ठराव येतो आणि दरवर्षी समान मतं पडून बारगळतो.

त्याच सूचनांतला एक नियम मला फार आवडतो. तुमचा कार्यक्रम तुमच्याच जाळ्यावर दिसला पाहिजे, दुसऱ्या केबलवाल्याला द्यायचा नाही. अपवाद देवस्थानांचा. तिथलं थेट प्रक्षेपण वाटता येतं. म्हणजे मुक्ताईनगरची आरती चोपड्याच्या केबलवर खुशाल दाखवा, पण हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची तुमची बातमी शेजारच्या जाळ्यावर जाता कामा नये. नाहीतरी पाणी खालीच वाहतं, त्यांना कळेलच.

पूर्वी हे सगळं सोपं होतं. एक व्हीसीडी प्लेयर, एक मॉड्युलेटर आणि विजेच्या खांबावरून कडुलिंबावर, कडुलिंबावरून मामांच्या गच्चीवर गेलेली केबल. वायरीत रिकामी जागा सापडली की तिच्यात गाव घुसवायचं. मग डिजिटायझेशन आलं. शेवटच्या टप्प्याची मुदत होती मार्च २०१७. त्यानंतर आमचा सिग्नल फायबरवरून दूरच्या शहरात बड्या केबल कंपनीच्या हेडएंडला, म्हणजे सगळी चॅनलं जिथून सुटतात तिथे, जायचा, तिथे एन्क्रिप्ट व्हायचा, परत यायचा आणि गिरणीसमोरच्या घरातल्या सेट टॉप बॉक्समध्ये उतरायचा. वीस फुटांचा रस्ता ओलांडायला अर्धा महाराष्ट्र फिरून, आणि भाडं आमच्याकडून. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की यूपीएस मान टाकायचा. लगेच समोरच्या आप्पांचा फोन, “काय भो, तुमनं चॅनल दिसस नई!” मी खिडकी उघडून त्यांना हेडलाइन्स ओरडून सांगायचो. अकरा वर्षांतलं ते एकमेव खरं थेट प्रक्षेपण.

या टप्प्यावर एखादा शिकलेला पाहुणा तुम्हाला अमेरिकेच्या गोष्टी सांगेल. तिथे १९७२ साली नियामकाने मोठ्या शहरांतल्या केबल कंपन्यांना सर्वसामान्यांसाठी एक चॅनल मोकळं ठेवायला लावलं, १९८४ च्या कायद्याने गावाला केबल कंपनीच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत फी घेता येते, त्यातून कितीतरी गावांची चॅनलं चालतात, वगैरे. ऐकून घ्या. आपल्याकडे नगरपालिका केबलवाल्याची दखल घेते, पण ती अतिक्रमण हटवण्याच्या दिवशी. पाहुणा फारच हटून बसला, तर त्याला पलीकडच्या गुजरातेतलं पीज सांगा. खेडा जिल्ह्यातल्या त्या गावात १९७५ साली एक किलोवॅटचं छोटं दूरदर्शन केंद्र सुरू झालं. शेतमजूर आणि बाया स्वतःच्या प्रश्नांवर पडद्यावर बोलायला लागल्या. त्या प्रयोगाचं परदेशातही कौतुक झालं. आणि १९८५ साली तिथला ट्रान्समीटर हलवला. माणसांना माईक दिला की काय होतं ते आलं ना ध्यानात? तुम्ही ही चूक करू नका.

आता मुद्द्याचं. बातमीदार नेमण्याआधी बाजारातल्या हारवाल्याला भेटा. गावात उद्या काय घडणार, हे त्याला पोलिसांच्या आधी माहीत असतं. पाच फुटी एक हार म्हणजे वाढदिवस. दोन फुटी वीस म्हणजे सत्कार सोहळा. नुसत्या पाकळ्या पोतंभर म्हणजे मिरवणूक, जेसीबी भाड्याने मिळतोय का तेही बघा. पांढरी फुलं मागवली असतील तर आवाज खाली आणा आणि पडद्याखाली सरकणाऱ्या उद्याच्या पट्टीत जागा ठेवा. आमचा हारवाला अकरा वर्षांत एकदाही चुकला नाही. त्याला पगार द्यावा असं मला फार वाटायचं. बातमीदाराला देत नव्हतो म्हणून राहिलं. बातमीदाराचा पगार म्हणजे बूम. चॅनलचं नाव लिहिलेला तो चौकोनी ठोकळा हातात आला की पोरगा महिनाभर नुसत्या मानावर जगतो. पुढच्या महिन्यात पेट्रोलला पैसे मागतो, तेव्हा दुसरा पोरगा शोधा.

जाहिरातींचा नियम सरळ आहे, तासाला १२ मिनिटं. त्यातही १० जाहिरातीला आणि २ स्वतःच्या चॅनलच्या कौतुकाला. घाबरू नका. भाऊंचा वाढदिवस ही जाहिरात नव्हे, तो कार्यक्रम आहे, तेव्हा तासाला साठ मिनिटं चालतो. फक्त शुभेच्छुकांच्या नावांना जपा. एकदा आमच्या पट्टीवर बेचाळीसपैकी एक नाव राहून गेलं. ज्यांचा वाढदिवस होता त्यांच्या लक्षातही आलं नाही, पण राहिलेल्या शुभेच्छुकाने तीन दिवस आमच्या जिन्यावर खुर्ची टाकली. शेवटी त्याच्या एकट्याची पट्टी आठवडाभर फुकट चालवली. तेव्हा उरलेले एकेचाळीस आले.

उधारीचं गणितही लिहून ठेवा. निवडणूक हरलेला पैसे देत नाही, कारण हरला. जिंकलेला देत नाही, कारण जिंकला. रोख फक्त गंधमुक्तीच्या सूचनेचं. ‘अमुक तारखेला सकाळी आठ वाजता राहत्या घरी’ एवढ्या एका ओळीवर आमचं वीजबिल निघायचं. संध्याकाळी सात वाजता गावातला प्रत्येक म्हातारा आमचं चॅनल लावायचा. कोण गेलं, हे बघायला. आपण नाही एवढी खात्री झाली की बंद करायचा.

दुसरी पट्टी बघितली जायची ती पाण्याची. कोणत्या भागात कोणत्या दिवशी, किती वाजता नळ येणार. बायका पोरांना चॅनल लावायला बसवून हंडे घासायला घ्यायच्या. तिसरी केळीच्या भावाची. फलकावर भाव एक आणि बांधावर व्यापारी देतो दुसरा, हे रावेर-यावल पट्ट्यात कुणालाही विचारा. आम्ही दोन्ही भाव शेजारी शेजारी चालवले. चारच दिवस चालवले. या दोन पट्ट्या अजिबात सुरू करू नका. लोक बघतात ही त्यांतली मुख्य अडचण. पाण्याची वेळ दाखवली की पाणी त्या वेळी आलं नाही हेही दिसतं, आणि पंधरा ऑगस्टची शुभेच्छा जाहिरात नगरपालिकेकडूनच यायची असते. शिवाय कायद्यातला ‘अधिकृत अधिकारी’ म्हणजे जिल्हाधिकारी, प्रांत किंवा पोलीस आयुक्त. केबलचं साहित्य जप्त करण्याचा अधिकार त्यांचा. आमच्यावर कधी कुणी तसं केलं नाही. करण्याची वेळच मी येऊ दिली नाही. पाण्याच्या पट्टीच्या जागी मी सुविचार चालू केले.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. अँकर मुलीला पुण्यासारखं बोलायला शिकवा. ‘आहे’ म्हणा, ‘शे’ नको. गावात बठ्ठे अहिराणी बोलतात, म्हणूनच बातमीत ती नको. बातमी आपल्या घरातली वाटली तर मान कोण देणार? अहिराणी फक्त विनोदाला आणि लग्नाच्या वरातीला. आमची अँकर ‘पाणीटंचाई’ असं काही म्हणायची की प्यावंसं वाटायचं.

आणि कॅमेरा. कॅमेरा नेहमी स्टेजकडे. मंडपाकडे वळवायचा तो फक्त खुर्च्या भरलेल्या असतील तर, आणि तेही लांबून, चेहरे ओळखू न येतील असा. स्टेजवर सोळा जण असतात आणि सोळाही जण रात्री स्वतःला बघतात. खालच्या आठशेंपैकी कुणीच बिल भरणार नसतं.

रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवायचं, असाही नियम आहे. जपा. एक्क्याण्णवाव्या दिवशी पुसा, हार्ड डिस्क महाग असते. आमच्याकडे एक कॅमेऱ्याचं पोरगं होतं, जरा कमी अकलेचं. श्रावणात एका गल्लीत खानदेशची देवी कानबाई बसली, तर हा रात्रभर तिथे बसून बायांची गाणी शूट करून आला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. आम्ही ते एका दुपारी लावलं, भरायला काही नव्हतं म्हणून. दिवाळीनंतर भाऊंचा वाढदिवस आला, चार कॅमेरे, साडेतीन तास. जागा लागली. कानबाई पुसली.

पुढच्या श्रावणात एक बाई जिना चढून आली. पदराला पीठ लागलं होतं, खाली दळण टाकून आली असावी. “गया साल तुम्ही कानबाई दखाडी व्हती ना भो. त्यामा मनी माय गाणा म्हणी ऱ्हायनी व्हती. ते भेटी का?” माय संक्रांतीआधी गेली होती.

अशा वेळी हार्ड डिस्क उडाली म्हणून सांगायचं असतं. मी तेच सांगितलं. ती उठेना. जरा वेळाने म्हणाली, मायबी भाऊंच्या वाढदिवसाला गेली होती, साडी वाटत होते म्हणून, ते तरी असेल. ते होतं. तिने साडेतीन तासांची अख्खी फाइल बघायला घेतली. सोळा हार, केक, तलवार, भाषणं. मंडप एकदाही धड दिसत नव्हता. तीन तास उलटून गेल्यावर साडी देणाऱ्या भाऊंच्या कोपराजवळ एक हात पुढे आला. म्हातारा हात, मनगटावर गोंदण. बाकी माणूस चौकटीच्या बाहेर. “थांबाड,” ती म्हणाली.

तेवढं चित्र थांबवा आणि तिला प्रिंट काढून द्या. रंगीत प्रिंटचे वीस रुपये होतात, पण घेऊ नका. खालची पट्टी मात्र प्रिंटमध्ये येणारच, ती काढता येत नाही. आमच्या प्रिंटवर हाताच्या बरोबर खाली आलं होतं, ‘भाऊंना उदंड आयुष्य लाभो.’