'एका वर्षात सरकारमान्य नर्स' : खुलासा

दहावीनंतर एका वर्षाचा कोर्स करा आणि थेट स्टाफ नर्स व्हा, असा मेसेज सध्या फिरतोय. हे खरं नाही.

नर्स म्हणून काम करायला राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी लागते, आणि एका वर्षाच्या कोर्सवर ती मिळत नाही. एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका) दोन वर्षांचं, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिसेवा पदविका) तीन, बीएस्सी नर्सिंग पदवी चार. तिन्हींना बारावी हवीच. बीएस्सीला विज्ञान शाखेची, जीवशास्त्रासह.

मेसेजमधला 'सरकारमान्य' शब्द नीट बघा. खाली नंबर असतो तो बहुतेकदा संस्थेच्या धर्मादाय नोंदणीचा, नाहीतर आयएसओ या गुणवत्ता-प्रमाणपत्राचा. धर्मादाय नोंदणी तर भजनी मंडळाचीही असते! अशा नंबराने कोर्सला मान्यता मिळत नाही. कॉलेजात परिचर्या परिषदेचं चालू वर्षाचं मान्यतापत्र मागा, त्यावरची मंजूर जागांची संख्या वाचा. बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नताही तपासा. 'साहेब बाहेर गेलेत' असं उत्तर आलं तर फी भरू नका.

महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतात. अर्ज भरताना नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणेच लिहा.