घासागणिक सुनावणी

माझा नवरा करसल्लागार आहे. अशा माणसाशी संसार करणाऱ्या बाईला वेगळं डाएट करावं लागत नाही. घास तोंडाशी नेला की समोरून कुठल्या तरी कोर्टाचा निकाल येतो. तो ऐकेपर्यंत अन्न गार होतं, आणि गार अन्न माणूस बेतानंच खातो.

सुरुवात बहुतेक वेळा टोमॅटोपासून होते. मी चिरत असते. "हे फळ आहे, माहितेय ना?" माहितेय, शाळेत शिकलेय. "पण अमेरिकेत कायद्यानं भाजी आहे!" झालं, सुरी खाली ठेवायची. १८८३च्या अमेरिकी जकात कायद्यात परदेशी भाज्यांवर दहा टक्के जकात होती, फळांना माफी. निक्स नावाच्या व्यापाऱ्यानं न्यूयॉर्क बंदरात भरलेली जकात परत मागितली, कारण टोमॅटो हे फळ. प्रकरण गेलं कोर्टात. तिथे वकिलांनी काय केलं, तर शब्दकोश वाचून दाखवले. एकानं फळ, भाजी आणि टोमॅटो यांचे अर्थ वाचले. दुसरा उठला आणि त्यानं वाटाणा, वांगं, काकडी, मिरची वाचली. मग पहिल्यानं पुन्हा उठून बटाटा, कोबी, फ्लॉवर, गाजर. भाजीवाला जे फुकट ओरडतो, ते या दोघांनी फी घेऊन केलं. १८९३मध्ये थेट सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला: वनस्पतिशास्त्रात टोमॅटो फळ असेल, पण लोक तो जेवणात खातात, जेवणानंतरच्या गोडात नाही, म्हणून भाजी. मला हा निकाल तंतोतंत पटतो. नवऱ्याला मात्र मी तसं सांगत नाही, नाहीतर लगेच पुढचं प्रकरण निघतं.

ते तसंही निघतंच. युरोपीय संघाच्या २००१च्या जॅमविषयक निर्देशात टोमॅटो, गाजर, रताळं, काकडी आणि भोपळा ही सगळी मंडळी फळं आहेत.

"म्हणजे अटलांटिक ओलांडला की टोमॅटोचं फळ होतं?"

"नुसता ओलांडून नाही. ओलांडून बरणीत शिरला तर."

पण नवऱ्याचा खरा जीव ब्रिटनमध्ये अडकलाय. तिथे केकवर व्हॅट शून्य, साध्या बिस्किटावरही शून्य. पण बिस्किटाला चॉकलेटचा लेप चढला की ती चैन, आणि चैनीला पूर्ण कर. मग संत्र्याची जेली आणि वर चॉकलेट असलेला चिमुकला जाफा केक हा केक की बिस्किट? १९९१मध्ये न्यायाधिकरणानं यावर गंभीरपणे विचार केला. आकार बिस्किटाचा, दुकानात मांडणी बिस्किटांशेजारी, लोक खातातही बिस्किटासारखं हातात धरून. पण शिळा झाला की हा कडक होतो, आणि बिस्किट शिळं झालं की मऊ पडतं. मुख्यतः अशा लक्षणांवरून तो केक ठरला. तेव्हापासून आमच्या घरात शिळं काही टाकता येत नाही, कारण तो पुरावा असतो.

त्याच देशात जिंजरब्रेडच्या, म्हणजे आल्याच्या बिस्किटाच्या, बाहुल्याला चॉकलेटचे दोन ठिपके देऊन डोळे काढले तर कर शून्य. चॉकलेटची विजार घातली की कर सुरू. अंग झाकल्याबद्दल दंड करणारं सरकार मी पहिल्यांदाच ऐकलं. प्रिंगल्सचं तर उलटंच. बटाट्याच्या वेफर्सना कर लागतो म्हणून कंपनीनंच कोर्टात सांगितलं की आमच्या मालात बटाटा पुरेसा नाही! एरवी हे वाक्य गिऱ्हाईक म्हणतं. २००९मध्ये अपील कोर्टानं बेचाळीस टक्के बटाटा पुरे, असं म्हणून वसुली कायम केली.

कॅनडात पाच डोनट घेतले तर कर, सहा घेतले तर माफ. न्यूयॉर्क राज्यात बेगल, म्हणजे कड्यासारखा गोल पाव, अखंड असेल तर करमुक्त, दुकानदारानं कापून दिला की करपात्र. आयर्लंडच्या सुप्रीम कोर्टानं २०२०मध्ये एका सँडविच कंपनीच्या पावाला पाव मानायला नकार दिला, कारण साखर पिठाच्या दहा टक्के आणि कायद्याची मर्यादा दोन टक्के. मला यात वेडेपणा दिसतो, नवऱ्याला दयाळूपणा. त्याचं म्हणणं, गरजेचं अन्न करातून सोडायचं तर चैनीचं कुठे सुरू होतं ती रेघ कुठेतरी ओढावीच लागते. ओढावी की! पण बाहुल्याच्या डोळ्यांच्या खाली आणि कमरेच्या वर?

आपल्याकडे तर त्याची चंगळ होती. कर्नाटकातल्या अग्रिम निर्णय प्राधिकरणानं २०२०मध्ये सांगितलं, रोटीला पाच टक्के, पण पाकिटातल्या पराठ्याला अठरा, कारण तो खाण्याआधी गरम करावा लागतो. पुढे २२ सप्टेंबर २०२५पासून दोघांवरचा जीएसटी शून्य झाला. सगळे खूश. हा माणूस दिवसभर सुतक असल्यासारखा बसून होता. "अगं, आता वादच उरला नाही," म्हणाला.

मग त्यानं खोबरेल तेल काढलं. लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल खाण्याचं की केसांचं, यावर २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नव्हतं. डिसेंबर २०२४मध्ये तिघांच्या खंडपीठानं सांगितलं की बाटली लहान आहे म्हणून ते केसांचं ठरत नाही. केसांचं तेल म्हणून विकलं तरच केसांचं. हे सांगताना त्याची नजर सासूबाईंकडे गेली. त्या आमटीला फोडणी देऊन झाल्यावर तीच बाटली डोक्यावर उपडी करत होत्या.

"आई, अगं, हे नक्की कशात मोडतं?"

"आधी फोडणी, मग डोकं," सासूबाई टाळूवर तेल थापत म्हणाल्या. "उलट केलं तर कळवीन हो तुझ्या कोर्टाला."